वयनींनी सोडलेला भात

वयनी भात वाढून घेत नसत, भात बांधून घेत. ताटाच्या मधोमध उकड्या तांदळाचा ढीग, चारी बाजूंनी हाताने थापून पक्का केलेला, आणि वर अंगठ्याने पाडलेली विहीर. त्या विहिरीत माशाचं कालवण ओतलं की एक थेंबही बांध फोडून बाहेर येत नसे. लग्न होऊन या घरात आल्यावर पहिल्याच दिवशी मी हे बांधकाम बघत बसले आणि माझं स्वतःचं ताट निवून गेलं.

"काय बघतंस गो पारलेकरणी?" वयनी म्हणाल्या. "तुमच्याकडे भात कसो वाढतत?"

माझं माहेर विलेपार्ल्याचं. आमच्याकडे वाटीने पाडलेली मूद असे, वर वरण आणि तुपाची धार. मी हाताने मुदीचा आकार दाखवला. वयनींनी तो नीट पाहिला आणि विचारलं, "तो झालो नमुनो. भात कधी वाढतत?" त्यानंतर पार्ल्याच्या मुदीला आमच्या घरात 'नमुना' हेच नाव पडलं. माझी आई आली की वयनी मला हळूच विचारत, "आवशीक नमुनो वाढू काय?"

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वहिनीची मालवणीत वयनी होते. आम्ही बोरिवली पूर्वेला राहत होतो, तळमजल्यावरच्या दोन लागून असलेल्या बिऱ्हाडांत, पण स्वयंपाकघर एकच. थोरले दीर, भाई, गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते कांदिवलीला प्लास्टिकच्या एका कारखान्यात पाळीवर जाऊ लागले. माझी नोकरी अंधेरीच्या एका कचेरीत. सासूबाईंना सगळे 'आये' म्हणत. कामाची वाटणी पहिल्या वर्षातच ठरून गेली होती: चूल वयनींकडे, याद्या माझ्याकडे. वाणसामान, रेशन, विजेचं बिल, आयेची औषधं, वयनींच्या मुलांच्या शाळेचं, सगळं मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवत असे. वयनींना त्या कागदांचं हसू येई, पण आदरही होता. घरात कोणी काही विचारलं की त्या म्हणत, "माका काय विचारतंस? तिच्या लिष्टीक विचार."

आमच्या घरात 'जेवलंस?' या प्रश्नाचा अर्थ 'भात खाल्लास?' असाच होता. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी घावन किंवा तांदळाची भाकरी, रात्री पुन्हा भात. बाकी सगळं तोंडीलावणं. एकदा वयनी मुलुंडला कोणाच्या लग्नाला जाऊन आल्या. पुऱ्या होत्या, श्रीखंड होतं, दोन तऱ्हेची भजी होती, पण यांच्या पंगतीला येईतो भात संपला होता. घरी येऊन चपला काढायच्या आधी त्यांनी सांगितलं, "उपाशी धाडल्यानी गो," आणि गॅसवर टोप चढवला.

वयनी जाड होत्या. हे मी निंदा म्हणून लिहीत नाही, घराची मांडणीच त्यांच्या मापाने झाली होती म्हणून लिहिते. ओटा आणि कपाट यांच्यामध्ये जी वाट होती तिथून त्या आडव्या होऊन जात. त्या आत असल्या की दुसऱ्या कोणाला आत जायचं तर आधी त्यांना उलट पावली बाहेर यावं लागे. यात त्यांना काही गैर वाटत नसे. "बोरिवलीत दोनच गाडये उलटे फिरतत," त्या म्हणत, "एक डेपोत नि एक मी."

गंभीर बाब वेगळीच होती. त्यांच्या बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ होती, धाकट्याच्या बाळंतपणापासूनची. जुन्या लुगड्याची पट्टी पोटाला आवळून त्या सगळी कामं करत. खोकला आला की एका हाताने गाठ दाबून धरत आणि दुसऱ्या हाताने फोडणी ढवळत. एका सकाळी पाण्याची बादली उचलताना त्या मटकन खाली बसल्या आणि त्यांना उलटी झाली. मी रजा टाकली आणि त्यांना घेऊन इस्पितळात गेले. सर्जनने पाहिलं, गाठ आत ढकलली आणि सांगितलं की हा हर्निया आहे, शस्त्रक्रिया लागणारच. पण एवढ्या वजनावर टाके धरणार नाहीत आणि भूल देणंही धोक्याचं. आधी वजन उतरवा. तोवर आतडं अडकलं तर मात्र हातात वेळ राहणार नाही.

परतीच्या रिक्षात वयनी पोटावरची पट्टी आवळत होत्या. आमची इमारत दिसू लागल्यावर म्हणाल्या, "माझी मावशी हेच्यानच गेली. तालुक्याक नेतानाच वाटेत." पुढे हा विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही.

स्टेशनजवळ आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयाने तरुण, बोलायला तुटक. त्या काळात वजन उतरवायचं म्हटलं की सगळे डॉक्टर तेलातुपावर घसरत. या बाईंचं मत उलटं होतं. तेल बेताने चालेल, म्हणाल्या, पण भात, पोळी, पाव, बटाटा, केळं, साखर, गूळ सगळं बंद. मासे खा, अंडी खा, पालेभाजी खा, ताक प्या.

वयनींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि जेवायचं काय?"

"सांगितलं ना? मासे, अंडी, पालेभाजी."

"ते झालं तोंडीलावणं. जेवायचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी समजावते." बाहेर आल्यावर मी समजावलं. वयनी म्हणाल्या, "समाजला माका. बाईन सांगितल्यान, मासे खा नि उपाशी रव."

मी घरी येऊन यादी केली. एका बाजूला 'खायचे', दुसऱ्या बाजूला 'न खायचे'. दुसरी बाजू वाढत गेली: भात, पेज, घावन, आंबोळी, तांदळाची भाकरी, शेवया, पोहे, खीर. मी ती वयनींना वाचून दाखवली. त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हेच्यात माझा सगळा म्हायार गेला गो."

पहिला प्रयत्न आठवडाभरही टिकला नाही. वयनींचा निश्चय कमी पडला असं मी म्हणणार नाही. बाकीच्यांचा प्रेमळपणा जास्त पडला. आये दर जेवणाला म्हणत, "एक मूठभर तरी खा गो. भाताशिवाय माणूस जगता काय?" भाई ताटावर बसून राहत आणि म्हणत, "तू जेवणंस नाय तर माझ्याक घास कसो उतरतलो?" शेजारणी म्हणत, आमची अमकी तमकी तुमच्या दुप्पट होती, भात खाऊनच नव्वद वर्षं जगली. पण खरा घाव समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी घातला. त्यांना कुठूनसं कळलं की वयनींनी दोन-तीन दिवस भात खाल्लेला नाही. गिरण्या बंद पडल्यानंतरची वर्षं होती. आमच्या आसपास अशी घरं होती जिथे खरोखरच भात शिजत नव्हता आणि कोणी तसं बोलत नव्हतं. काकू संध्याकाळी पदराखाली झाकून एक पातेली घेऊन आल्या, ओट्यावर ठेवली आणि निघून गेल्या. वयनींनी झाकण काढलं. आत गरम भात होता.

भाई कारखान्यातून आले आणि त्यांना हे कळलं. ते खुर्चीत बसले, बूटही काढले नाहीत. म्हणाले, "लोकांक वाटता, माझ्या घरात भात नाय." मग वयनींनी तो भात ताटात घेतला, बांधला, विहीर पाडली आणि दारात बसून, समोरच्या बिऱ्हाडातून दिसेल असा खाल्ला. मी यादी कपाटाच्या दारावरून काढली नाही, पण तिच्याकडे बघणं बंद केलं.

त्याच सुमारास आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. दरवर्षी बोरिवलीतच एका शाळेच्या हॉलमध्ये होई. दहिसरपासून चेंबूरपर्यंत पसरलेली गावची मंडळी तिथे जमत. पूजा झाली की आधी गाऱ्हाणं, मग पंगत. गाऱ्हाणं म्हणजे गावच्या देवाला मोठ्याने घातलेलं साकडं: एका माणसाने सगळ्यांच्या वतीने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा!" म्हणून हुंकार द्यायचा. हे काम तात्या करत. पांढऱ्या मिशांचे, आवाज असा की माईक समोर असला तरी लागत नसे.

मला या कार्यक्रमाला जायला आवडत नसे, त्याचं कारण सरळ होतं. माझ्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आमच्या दोघांच्याही तपासण्या झाल्या होत्या आणि कोणातच काही सापडलं नव्हतं. हे मी स्वतःपुरतं निकालात काढलं होतं, पण हॉलमधल्या बायकांनी काढलेलं नव्हतं. "अजून काय नाय?" हा प्रश्न मला दारातच भेटे, मग पाण्याच्या पिंपापाशी, मग हात धुताना. कोणाला दादरचा एक वैद्य माहीत असे, कोणाला गावचा एक मुळी देणारा. काहीजणी काही विचारत नसत, नुसत्या बघत. ते जास्त त्रासाचं असे. आये अशा वेळी मान खाली घालून पदराचं टोक चुरगाळत बसत.

त्या वर्षी पंगतीत माझ्या एका बाजूला वयनी आणि त्यांच्या पलीकडे आये बसल्या होत्या. पूजेच्या धावपळीत वयनींना पुन्हा दोनदा कळ आली होती आणि त्यांनी मला ती सांगितली होती, दुसऱ्या कोणाला नाही. तात्या स्वतः भात वाढत आले. वयनींनी पत्रावळीवर आडवा हात धरला.

"हात काढ गो," तात्या म्हणाले. "माका उशीर होता."

"नको तात्यानू."

"नको कसो? मूठभर घे. प्रसादाची पंगत आसा."

"मी भात सोडलाय," वयनी म्हणाल्या.

त्यांना म्हणायचं होतं ते एवढंच की मी भात खायचा थांबवलाय. पण 'सोडलाय' हा शब्द आमच्या लोकांत असा मोकळा फिरत नाही. माणूस विडी सोडतो, नोकरी सोडतो, पण अन्न सोडतो ते देवासाठी. अमुक होईतो मी हे खाणार नाही, असं बोलून.

तात्यांनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. मागून आमटी घेऊन येणारा माणूस त्यांच्यावर आदळता आदळता वाचला. तात्यांनी हात जोडले आणि तिथेच, पंगतीच्या मधोमध, गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान तुझ्यासाठी भात सोडल्यान, व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पंगत म्हणाली.

"तिच्या मनात जा काय आसा, ता तू जाणतंस. ता पुरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला.

थोरल्या जावेने भात सोडलाय आणि धाकटीला मूल नाही, एवढा हिशेब सगळ्यांना येत होता. आयेने डोळ्यांना पदर लावला आणि वयनींच्या पाठीवरून हात फिरवला. समोरच्या ओळीतल्या एका म्हातारीने मला बसल्या जागेवरून नमस्कार केला. मी पत्रावळीवरचं लोणचं खाल्लं, दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. तात्यांनी भाताचं पातेलं उचललं, वयनींना ओलांडून पुढे गेले आणि मागच्याला ओरडले, "हिका अळूची भाजी परत वाढ रे! आणि वाढ!"

घरी चालत येताना मी विचारलं, "वयनी, डॉक्टरने सांगितलंय म्हणून का नाही सांगितलंत?"

"मी खोटा काय बोललंय? सोडलंय ता सोडलंय."

"पण त्यांना वाटलं देवासाठी."

"वाटू दे. डॉक्टराच्या नावान कोण हात जोडता?"

मला राग आला होता. माझ्या नावावर कोणी परस्पर काही जमा केलं की मला चालत नाही. पण व्यवहार मलाही दिसत होता. त्या दिवसापासून आमच्या घरात, इमारतीत आणि मंडळात वयनींना कोणी भाताचा आग्रह केला नाही. आये स्वतः मासळीचा मोठा तुकडा काढून त्यांच्या ताटात घालू लागल्या. भाई त्यांच्या आधी निमूट जेवू लागले. समोरच्या काकू आल्या त्या या वेळी अंडी घेऊन आल्या. जे काम माझ्या यादीला आणि डॉक्टरीणबाईंच्या पदवीला जमलं नव्हतं ते एका शब्दाने केलं होतं. मी यादी नव्याने लिहिली आणि पुन्हा दारावर लावली.

आता प्रश्न उरला होता तो कालवणाचा. भाताशिवाय कालवण खायचं कसं? वयनींनी ते वाटीतून पिऊन पाहिलं. तोंड असं केलं की मुलं हसून लोळली. मग एक दिवस त्यांनी कोबी घेतला, तांदळाच्या कणीइतका बारीक चिरला, वाफेवर काढला आणि ताटाच्या मधोमध ओतला. चारी बाजूंनी थापला. अंगठ्याने विहीर पाडली. कालवण ओतलं. बांध फुटला आणि कालवण ताटभर झालं. त्यांनी दुसऱ्या दिवशी कोबी अधिक पिळून घेतला. काही दिवसांनी बांध धरू लागला.

"ह्या काय, गुरांचा?" आयेने विचारलं.

"कोबयेचो भात," वयनी म्हणाल्या. "डोळे मिटून खावचो. आणि नाकही."

मनोरीची एक कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन येई. तिला या सगळ्याचं फार कौतुक. "तू भात खाऊ नको गो बाय," ती टोपली उतरवताना म्हणे, "तेवढी मासळी जास्त खा. तुझा नवस फिटंल नि माझं घराचं छप्पर होईल."

सात माणसांचा भात वयनीच शिजवत होत्या. शीत दाताखाली न घालता बोटांत चुरून बघत. भात झाला की टोपावरचं झाकण काढून त्या वाफेत तोंड धरून उभ्या राहत, चष्मा पांढरा होईपर्यंत. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "वास घेवक डॉक्टरान खय नको म्हटल्यान?"

वजन उतरत गेलं. वयनी काट्यावर उभ्या राहायला तयार नसत, तेव्हा मी बाकीच्या गोष्टींवर लक्ष ठेवलं. पोलक्यांना आत शिवण आली. बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. पोटाच्या पट्टीची गाठ बाजूला सरकत गेली आणि शेवटी पट्टीचे दोन वेढे बसू लागले. आणि एका रविवारी वयनी हातात परात घेऊन ओटा आणि कपाट यांच्यामधून सरळ चालत आल्या. त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मी संध्याकाळी जाऊन डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. टाके धरले. सर्जनने सांगितलं की आता काळजी नाही, वजन सांभाळा, थोडाफार भात खायला हरकत नाही. मी घरी येऊन पहिलं काम म्हणजे दारावरची यादी काढली आणि दुसरं म्हणजे मऊ भात टाकला. वयनींना घरी आणल्यावर ताटलीत वाढून त्यांच्यापुढे नेला. त्यांनी वाफेकडे पाहिलं. आये दारात उभ्या होत्या.

"बोललेला अजून फिटला नाय," आये हळूच म्हणाल्या.

वयनींनी ताटली माझ्याकडे सरकवली. "नको गो. कोबीच कर."

मला वाटलं, हे आयेसाठी. म्हातारीपुढे नाटक आता मोडवत नाही, थोडे महिने जातील, मग आपोआप सुटेल. मी तशी वाट पाहिली. सुटलं नाही. गणपती झाले, दिवाळी झाली, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि झालं. वयनी मुलीच्या लग्नातही भाताला शिवल्या नाहीत.

एकदा मनोरीच्या त्या कोळणीने घराच्या पूजेला बोलावलं. छप्पर झालं होतं. आम्ही दोघीच गेलो, मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने. तिने पुढ्यात ताटं ठेवली: तळलेलं पापलेट, सुरमईचं कालवण आणि वाफाळता भात. वाढून ती बाकीच्या पाहुण्यांकडे गेली. खोलीत आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "वयनी, खा आता. इथे आपल्याला कोण ओळखतंय?"

वयनी पापलेटचा काटा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू वळाखतंस मां?"

हे उत्तर मी तेव्हा थट्टेत जमा केलं.

आये गेल्या. वर्षं गेली. माझ्या पंचेचाळिशीच्या सुमारास माझी पाळी थांबली. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं सांगितलं आणि मी ते शांतपणे ऐकलं. एक बाब संपली. मनात आधी विचार आला तो वयनींचा. घरी आले तेव्हा त्या भाताच्या टोपावरचं झाकण काढत होत्या. मी म्हटलं, "वयनी, माझं आता संपलं. डॉक्टरांनी सांगितलं. मूल व्हायचा प्रश्न राहिला नाही. तेव्हा तुम्ही सुटलात. आज माझ्याबरोबर भात खा."

"तू कोण सोडवणारी?" वयनी म्हणाल्या. "मी देवाक बोललंय. तुका खय बोललंय?"

"तुम्ही बोलला नव्हतात. तात्यांचा घोटाळा होता तो. तुम्हीच म्हणालात."

"घोटाळो तात्यांचो. बोललंय मी." त्यांनी झाकण बाजूला ठेवलं. "तात्या म्हणालो मां, तिच्या मनात जा काय आसा ता पुरा कर? तोपर्यंत माझ्या मनात पोटातल्या कळेशिवाय काय एक नव्हता. मगे सगळी तुझ्याकडे बघूक लागली. तू मान खाली घालून लोणचा खाय होतंस. तेव्हा बोललंय."

"काय बोललात? मूल?"

"मूल देणारी मी कोण? मी म्हटलंय, हिच्याकडे परत कोण असा बघता नये." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "मगे, बघता कोण?"

मी आठवू लागले. खरंच, त्या पूजेनंतर मला कोणी विचारलं नव्हतं. दारात नाही, पिंपापाशी नाही, हात धुताना नाही. वैद्य आणि मुळ्या बंद झाल्या होत्या. मी ते वयावर घातलं होतं. आता लक्षात आलं की माझा विषय त्या दिवशी बायकांच्या हातून काढून देवाच्या दारात ठेवला गेला होता. वयनी भात खात नव्हत्या तोवर ते प्रकरण चालू होतं, आणि चालू प्रकरणात कोणी तोंड घालत नाही.

"पण मग फिटलं की," मी म्हटलं. "कोणी बघत नाही. खा."

"मी खाल्लंय की सगळी परत तुका विचारतली," वयनी म्हणाल्या. "नमुनो वाढू काय तुका?"

भाई निवृत्त झाले आणि दोघं गावी गेली. जाताना सामानाची यादी मी केली. वयनींनी त्यात स्वतःहून एकच वस्तू घातली, कोबी चिरायची विळी. गावी स्वतःची भातशेती होती. दर वर्षी एक पोतं उकडे तांदूळ आमच्याकडे येई. पिकवणारी ते खात नव्हती.

अलीकडे माझ्याही रक्तात साखर निघाली आणि माझाही भात गेला. कचेरीत कोणी विचारलं तर मी 'बंद केलाय' म्हणते. दुसरा शब्द मी वापरत नाही.

वयनी गेल्या त्या झोपेत, त्रास न होता. तेराव्याला आम्ही गावी होतो. घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, त्यांच्या नावाचं पान मांडलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भाज्या, सगळं वाढून झालं आणि भातापाशी हात थांबला. ज्या बाईने भात सोडला होता तिच्या पानावर भात वाढायचा का? एक जण म्हणाला, वाढायचा, मेल्यावर सगळं सुटतं. दुसरा म्हणाला, बोललेलं फिटलं नसेल तर नाही. तात्या आता फार थकले होते, दोघांनी धरून त्यांना आणलं होतं. त्यांनी विचारलं, "तिचा काय होता ता फिटला काय?"

आणि सगळं खळं पुन्हा माझ्याकडे बघू लागलं. माझे केस पांढरे झाले होते आणि माझ्या मागे कोणी उभं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

मी म्हटलं, "फिटलं. कधीच फिटलं. वाढा."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. काय फिटलं ते त्यांनी विचारलं नाही. मग पुटपुटले, "व्हय म्हाराजा," आणि मागून दोन-चार आवाज आले, "व्हय म्हाराजा."

भात वाढायला आलेल्या मुलीने पळीने एक नीटस मूद पाडली. मी म्हटलं, "हा नमुना झाला. पातेलं इकडे दे." मी पानापुढे बसले, मधोमध ढीग घातला, चारी बाजूंनी थापला आणि वर अंगठ्याने विहीर पाडली. मग सांबारं ओतलं. मला ते कधीच जमलं नव्हतं. बांध एका अंगाने फुटला आणि सांबारं पानभर पसरलं.